चौदा गुरुवारांचा इलाज

भानुमतीबाई खवसे यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे जबलपूरच्या गढ्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दूधवाला भैयासुद्धा त्यांच्या उजव्या अंगाला येऊन बोलायचा. पातळात पाय अडकून लोखंडी पेटीवर पडले आणि कान गेला, असं त्या सांगत. सासूला तेच सांगितलं, पांढुर्ण्याच्या भावाला तेच, आणि नवऱ्यालाही तेच.

नवरा म्हणजे पुंडलिकराव, फौजेतले हवालदार. त्यांचे वडील विदर्भातून जबलपूरला रांझीच्या फॅक्टरीत कामाला आले आणि गढ्यात दोन खोल्या बांधून इथलेच झाले. पुंडलिकराव अठराव्या वर्षी फौजेत गेले आणि वायरलेसच्या सेटवर बसायला शिकले. सत्त्याऐंशी साली त्यांची तुकडी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेली. परत आल्यावर घरच्यांनी घाईने लग्न उरकलं. मुलगा गप्प गप्प राहतो, बायको आली की बोलायला लागेल, असा सासूचा हिशेब होता. भानुमतीबाई तेव्हा वीस वर्षांच्या. मुलगा शांत आहे, दारू पीत नाही, एवढं त्यांना सांगण्यात आलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी, एक्याण्णवच्या मे महिन्यात, ते सुट्टीवर आले होते. दुपारचे चार वाजले असतील. पुंडलिकराव आतल्या खोलीत झोपले होते आणि झोपेत काहीतरी बडबडत होते. भानुमतीबाई चहा घेऊन गेल्या. कप पेटीवर ठेवला, वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, उठता का?" पुढचं त्यांना तुटक आठवतं. मूठ कानावर बसली, त्या पेटीवर आपटल्या, कप फुटला. पुंडलिकराव उठून बसले होते, डोळे सताड उघडे, पण ते डोळे त्या खोलीत नव्हते. अर्ध्या मिनिटाने त्यांना शुद्ध आली. बायको खाली पडलेली, कानातून रक्त.

"काय झालं? कशी पडली तू?"

भानुमतीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तो माणूस खरंच विचारत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सुट्टीचे सहा दिवस उरले होते. खरं सांगितलं तर हा पुन्हा घरी येणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. "निऱ्यांत पाय अडकला," त्या म्हणाल्या. पुंडलिकरावांनी त्यांना सायकलवर बसवून कंपाउंडरकडे नेलं आणि सुट्टीचे सहाही दिवस स्वतःच्या हाताने कानात थेंब घातले. कान बरा झाला नाही. सासू म्हणाली, बहिरी पदरात पडली.

त्यानंतर तीस वर्षं भानुमतीबाईंनी घर एका विशिष्ट रीतीने चालवलं. झोपलेल्या माणसाला हात लावायचा नाही, दाराच्या चौकटीत उभं राहून "चहा झाला" म्हणायचं. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. रेडिओ नको, कारण स्टेशन लावताना होणाऱ्या खरखरीने पुंडलिकराव घराबाहेर निघून जात. फोनचा रिसीव्हर ते कानापासून वीतभर दूर धरत आणि जेमतेम हो-नाही करून ठेवून देत. दिवाळीच्या चार दिवसांत भानुमतीबाई त्यांना घेऊन पांढुर्ण्याला शेतातल्या घरी जाऊन राहत, आणि गल्लीत सांगत की भावाकडे कार्य आहे. मुलगी झाली, विनता. तीही अंगणात रांगता रांगताच शिकली की बाबांच्या मागून धावत जायचं नाही.

झोपेत ते एकच ओरडत. "ऐकू येऊन राहिलं रे, अच्युत, ऐकू येऊन राहिलं." भानुमतीबाईंनी पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं, अच्युत कोण. पुंडलिकराव ताटावरून उठून गेले, तीन दिवस बोलले नाहीत. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

फौजेत त्यांनी सेट सोडून कोठाराचं काम मागून घेतलं होतं. दोन हजार पाच साली ते निवृत्त झाले आणि एका कॉलेजच्या फाटकावर गार्ड म्हणून उभे राहू लागले. वर्दी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम होता, दिवस भरलेला होता. लॉकडाउन लागला, कॉलेज बंद पडलं, आणि नोकरीही गेली. मग ते घरात बसले. महिन्याभरात त्यांची अवस्था अशी झाली की पंख्याची कटकट ऐकून ते पलंगाखाली जात. जेवण सुटलं. विनता तेव्हा शहरातच विजय नगरला एका विम्याच्या ऑफिसात काम करत होती, तिथेच सासर होतं. तिने मोबाइलवर शोध घेतला. पुण्याची एक संस्था माजी सैनिकांसाठी व्हिडिओवर इलाज करत होती. लढाईत मनाला जो मार बसतो त्याचा इलाज. दर गुरुवारी एक तास, असे चौदा गुरुवार. सगळं घरबसल्या, आणि आपल्या भाषेत.

"मी पागल नाही," पुंडलिकराव म्हणाले.

"बाबा, पागल कोण बोल रहा है," विनता म्हणाली. "फक्त बात करायची आहे. एक बार करून तर पाहा."

त्यांनी होकार दिला तो लेकीसाठी. पहिल्या गुरुवारी विनताने मोबाइल टेबलावर उभा करून दिला, कानात घालायच्या वायरी हातात दिल्या आणि दार ओढून घेतलं. डॉक्टरीणबाईंचं नाव सुमेधा होतं, वय तिशीच्या आतबाहेर. तिचं पहिलं वाक्य होतं, "काका, ऐकू येतंय का?"

आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. विनताने दार उघडलं तर मोबाइल जमिनीवर, आणि पुंडलिकराव भिंतीला पाठ लावून दोन्ही कान दाबून उभे. भानुमतीबाई पुढे झाल्या, तीन हातांवर थांबल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चहा झाला." हळूहळू त्यांचे हात खाली आले.

विनताला वाटलं, संपलं. पण सुमेधाने सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने विनताला फोन केला, काय काय चालतं आणि काय चालत नाही ते विचारलं. विनताने आईला विचारून सगळं सांगितलं: कुकर, रेडिओ, रिसीव्हर, झोप. सुमेधाने लिहून घेतलं. पुढच्या गुरुवारी कानातल्या वायरी नव्हत्या, आवाज मोबाइलमधून खोलीत मोकळा येत होता. तिने सुरुवातीलाच एक नियम घातला. लाइन तुटली तर एका मिनिटाच्या आत मी परत फोन करीन, तुम्ही काही करायचं नाही, फक्त घड्याळ बघायचं. गढ्यातलं नेटवर्क असं की तासात चारदा लाइन तुटायची. चारही वेळा मिनिटाच्या आत तिचा फोन यायचा. पावसाने वीज गेली त्या दिवशी तिने विनताच्या फोनवर, मग शेजारच्या रत्नाकर मास्तरांच्या फोनवर लावला, पण लावला.

आणि फरक पडला. हे भानुमतीबाईंनी कधी नाकारलं नाही. पाचव्या गुरुवारनंतर पुंडलिकराव पोटभर जेवू लागले. सातव्यानंतर सलग पाच तास झोपले. त्यांना घरी करायला अभ्यास मिळायचा. चौकातल्या पानठेल्यापर्यंत जाऊन दहा मिनिटं उभं राहा, रेडिओ लावून खरखर एक मिनिट ऐका, मग दोन मिनिटं. ते सगळं वहीत मांडून ठेवत, फौजी माणसाच्या नेटकेपणाने. दर पंधरा दिवसांनी सुमेधा एक प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची. गेल्या पंधरवड्यात अमुक गोष्टीचा किती त्रास झाला: अजिबात नाही, थोडा, बराच, फार. त्याचे आकडे पडत. सुरुवातीला एकसष्ट होते, दिवाळीपर्यंत चोवीस झाले. त्या वर्षी गल्लीत फटाके वाजले आणि पुंडलिकराव ओट्यावर बसून पाहत होते. शेजारणी भानुमतीबाईंना म्हणाल्या, चमत्कारच म्हणायचा.

गुरुवारी अकरा ते बारा भानुमतीबाई अंगणात बसत. आत जायचं नाही, असा नियम होता. जे बोललं जाईल ते काका आणि मी, दोघांतच राहील, असं सुमेधाने सांगितलं होतं. तो तास त्या भाजी निवडत, गल्लीतल्या पोरांना लांब पिटाळत, मिक्सर लावणाऱ्या शेजारणीला हातानेच थांबवत. दारामागून पुंडलिकरावांचा आवाज येई. शब्द कळत नसत, पण आवाज येई, सलग, वीस-वीस मिनिटं. एकदा त्यांच्या रडण्याचा आवाज आला. तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला सलग वीस मिनिटं बोलताना ऐकलं नव्हतं, रडताना तर कधीच नाही. हातातली मेथी तशीच राहिली. हे सगळं त्या माणसाच्या आत होतं, तोंडाशी येत होतं, आणि मोबाइलच्या काचेवर दिसणाऱ्या परक्या पोरीपुढे बाहेर पडत होतं.

तेराव्या गुरुवारी सुमेधाने दहा मिनिटं भानुमतीबाईंशी बोलायचं ठरवलं. पुंडलिकराव पानठेल्यावर गेले. भानुमतीबाई प्रथमच त्या खुर्चीवर बसल्या आणि सवयीने उजवा कान मोबाइलकडे केला.

"काकू, काकांमध्ये तुम्हाला काय फरक वाटतो?"

"चांगला आहे फरक. जेवतात. झोपतात."

"तुमचा यात खूप मोठा वाटा आहे. तुम्ही जे जे सांभाळलंत त्याच्यामुळेच मला सुरुवात करता आली."

भानुमतीबाई म्हणाल्या, "बाई, त्यांनी तुले काय सांगितलं? त्या अच्युतचं."

"ते मला नाही सांगता येणार, काकू. ते काका स्वतः सांगतील, त्यांना वाटेल तेव्हा."

"तीस वर्षांत नाही वाटलं."

मग सुमेधाने विचारलं, "तुमचं काही सांगायचं आहे का मला?"

भानुमतीबाईंनी कानाची गोष्ट सांगितली. चहा, पेटी, मूठ, आणि पुढचं खोटं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या, तरी दोन मिनिटांत संपली. सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं. मग ती सावरली. "काकू, हे फार मोठं आहे. याच्यावर तुमच्याशी कुणीतरी नीट बोलायला हवं. पण ही योजना फक्त माजी सैनिकांसाठी आहे, मला तुमची नोंद करता येत नाही. मी एक हेल्पलाइनचा नंबर पाठवते. काकांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. मी त्यांना काही बोलणार नाही."

नंबर आला. भानुमतीबाईंनी दोनदा लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा एका मुलाने हिंदीत विचारलं की या क्षणी जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाला, दीदी, आपण जरा वेळाने फोन करा, आत्ता लाइन व्यस्त आहे.

त्याच आठवड्यात पुंडलिकराव वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. शेवटच्या गुरुवारचा अभ्यास होता. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "माझ्या आजारामुळे घरातल्या माणसांना काय काय त्रास झाला, ते त्यांना विचारावे." मग वहीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "सांग. माझ्या हातून तुले काही तकलीफ झाली का?"

भानुमतीबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली. पुंडलिकराव वहीकडे पाहत होते. त्या वाट पाहत राहिल्या की ते वर पाहतील. भाकरी तव्यावर पडली, उलटली, फुगली. त्यांची नजर वहीतच.

"नाही," त्या म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी वहीत खूण केली आणि पान उलटलं.

शेवटचा आकडा एकोणीस आला. संस्थेने त्यांचं नाव यशस्वी झालेल्यांत घातलं. मार्चमध्ये विजय नगरच्या एका हॉलमध्ये माजी सैनिकांचा मेळावा झाला. इलाज किती परिणामकारक ठरला ते इतरांना कळावं, म्हणून पुंडलिकरावांना बोलायला सांगितलं. पडद्यावर पुण्याहून सुमेधा दिसत होती. दीडेकशे माणसं असतील. भानुमतीबाई तिसऱ्या रांगेत विनताच्या डाव्या हाताला बसल्या, उजवा कान मंचाकडे करून.

पुंडलिकराव हिंदीत बोलले, छान बोलले. सांगितलं की श्रीलंकेत एका शाळेच्या इमारतीत ते सेटवर होते. पहाटे बॅटरी बदलायची पाळी त्यांची होती, पण दोन दिवसांचं जागरण झालेलं, डोळा लागला. बॅटरी बदलायची राहिली. सकाळी गस्तीच्या तुकडीवर हल्ला झाला. त्या तुकडीचा सेट अच्युतकडे होता, बुलढाण्याचा पोरगा, एकाच ताटात जेवणारा. तो मदत मागत होता. पुंडलिकरावांना सगळं ऐकू येत होतं, पण उतरलेल्या बॅटरीवर त्यांचा आवाज पलीकडे जात नव्हता. दुसरी बॅटरी येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. शेवटी अच्युत हिंदी सोडून मराठीत बोलायला लागला होता, पुंडलिक, ऐकू येऊन राहिलं का? बॅटरी आली तेव्हा पलीकडून आवाज बंद झाला होता.

मागे कुणीतरी नाक ओढलं. ते वाक्य भानुमतीबाईंना पाठ होतं. त्याचा अर्थ त्यांना दीडशे लोकांबरोबर, माइकवरून कळत होता.

"घरवालों को इन बातों की समझ नहीं होती," पुंडलिकराव पुढे म्हणाले. "उन्हें बताके फायदा भी नहीं था. मैडम ने मेरी सुनी, तब मैं ठीक हुआ." टाळ्या वाजल्या. त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी भानुमतीबाई त्यांच्यासमोर बसल्या. शाल खुर्चीच्या पाठीवर होती.

"कान माझा पेटीवर पडून नाही गेला," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुठीनं गेला. झोपेत होते तुम्ही."

मग सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. पुंडलिकराव ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला. भानुमतीबाईंना वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. वाईट बोलला तरी चालेल, पण माझ्याशी बोलेल.

पुंडलिकराव उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून नंबर दाबल्याचे आवाज आले. तो नंबर संस्थेने इलाजापुरता दिलेला होता, इलाज संपला तसा बंद झालेला. हा नंबर बंद आहे, असं सांगणाऱ्या यंत्रातल्या बाईचा आवाज तीनदा ऐकू आला. भानुमतीबाई चहासमोर बसूनच होत्या.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. "काहून नाही सांगितलं आधी?" ते म्हणाले. "चौदा गुरुवार होते. मॅडमले सांगितलं असतं तर तेही इलाजात धरलं असतं. आता मी कोणाशी बोलू?"

भानुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी कोणाशी बोलली, विचारलं का तुम्ही?"

ते विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या आठवड्यात ते नीट झोपले नाहीत. मग वहीतले जुने अभ्यास काढून पुन्हा करू लागले, आणि घडी बसली.

विनताला कळल्यावर तिने दोघांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. स्वतः बाहेर बसली. डॉक्टर तरुण होता. तपासून झाल्यावर त्याने मोठ्याने विचारलं, "ये कैसे हुआ, माताजी?"

हे उत्तर द्यायचं काम आपलं नाही, असं भानुमतीबाईंनी ठरवलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं.

"पुरानी चोट है, डॉक्टर साहब," पुंडलिकराव म्हणाले.

डॉक्टर म्हणाला, तेव्हाच दोन-चार महिन्यांत आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. आतली नस मेली आहे, आता मशीननेही फरक पडणार नाही.

त्याच उन्हाळ्यात विनताला दिवस गेले आणि भानुमतीबाई तिच्याकडे विजय नगरला राहायला गेल्या. बाळंतपण झालं, बाळ सहा महिन्यांचं झालं, वर्षाचं झालं. त्या परत गेल्या नाहीत. भांडण झालं नाही, कुणी काही जाहीर केलं नाही. दर रविवारी पुंडलिकराव मोटारसायकलवर येतात, नात मांडीवर घेतात, जेवतात. नात मागून येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकते, आणि ते दचकत नाहीत. संस्थेतून वर्षभराने पाहणीचा फोन आला तेव्हा त्यांचा आकडा अठरा होता.

गढ्यातल्या शेजारणी भेटल्या की म्हणतात, पुंडलिकराव किती बदलले हो, विश्वास बसत नाही.

"इलाज लागू पडला," भानुमतीबाई म्हणतात, आणि नातीचे कपडे वाळत घालायला वळतात.